शंकरशेट की शंकरशेठ?

प्रश्न असा आहे: ग्रँट रोडजवळचा नाना चौक ज्यांच्या नावाचा, ते जगन्नाथ शंकरशेट की शंकरशेठ? पुस्तकांत एक, पाट्यांवर दुसरं. आणि जोडप्रश्न: जमशेटजींच्या नावातला 'शेट' तोच का?

मी 'शेट' लिहितो. 'शेठ' लिहिणाऱ्याला चूक म्हणणार नाही, पण नानांच्या नावात तो ठ मला पाहुणा वाटतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हे आडनाव नव्हे. आडनाव मुरकुटे, वडिलांचं नाव शंकरशेट. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं, ही जुनी रीत. ब्राह्मणाला जसा 'पंत' लागायचा तसा व्यापारी, सोनार मंडळींना 'शेट', आणि तो नावाला चिकटून: रामशेट, शंकरशेट. म्हणून 'शंकर शेठ' असं फोडून लिहिलेलं दिसलं की मला ठपेक्षाही ती मधली जागा जास्त खुपते. त्याने वडिलांचं नाव नुसतं शंकर होतं आणि शेठ हे आडनाव, कदाचित गुजरातीच, असं वाचणाऱ्याला वाटू लागतं. मराठीबाहेर हा शब्द बहुधा नावाआधी सुटा येतो, सेठ जमनालाल बजाज म्हणतात तसा.

आता ट आणि ठ. मूळ संस्कृत 'श्रेष्ठिन्', म्हणजे व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा प्रमुख. प्राकृतात त्याचं 'सेट्ठि' झालं. तिथून हिंदीत सेठ, गुजरातीत शेठ, कानडीत सेट्टी (तेच पुढे मुंबईत उडुपी हॉटेलांच्या गल्ल्यावर बसलेले शेट्टी). मराठीने दोन गोष्टी केल्या. इ-ए पुढे आला की स चा श करायचा, ही तिची सवयच: सेज-शेज, सिंदूर-शेंदूर, सीखना-शिकणे. दुसरी सवय शब्दाच्या मध्ये-शेवटी हकाराचा जोर सोडून द्यायची: हाथ-हात, भूख-भूक, सूखा-सुका, हाथी-हत्ती. ठ मात्र चिवट आहे हे कबूल करायला हवं. आठ, ओठ, पाठ, मूठ यांतून तो हललेला नाही. त्यामुळे शेटच्या बाबतीत कानडी सेट्टीचा शेजारही कामी आला असावा, असं माझं मत. पेठेच्या कारभारात 'शेटे-महाजन' असत, शेटेपणाचं वतन असे, शेटे-शेट्ये ही आडनावं आजही आहेत. यात कुठे ठ नाही. 'शेटजी-भटजी' म्हणून पाहा, ठ घातला की जोडीची सगळी लयच जाते. (तोच 'श्रेष्ठी' अंघोळ करून, संस्कृत कपडे घालून 'पक्षश्रेष्ठी' म्हणून परत आलाय, ती गंमत वेगळी.)

मग मुंबईत 'शेठ' आला कुठून? कापडबाजारातून, हे उघड आहे. शहराचा व्यापार मोठ्या प्रमाणात गुजराती बोलत होता, आणि बाजाराची भाषा पाट्यांवर चढतेच.

नानांच्या बाबतीत मला सगळ्यात पटणारा पुरावा इंग्रजांनी ठेवलाय. नाना 1803 ते 1865. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भारतीय संचालकांपैकी ते एक. त्या काळच्या इंग्रजी कागदांत त्यांचं नाव येतं ते साधारण 'जगोनाथ संकरसेट' असं वाचावं लागेल अशा स्पेलिंगने. त्यात 'नाथ'च्या थसाठी टीपुढे एच आहे आणि 'सेट'ला नुसते दोन टी. म्हणजे एकाच नावात थ लिहिणाऱ्या कारकुनाला शेवटी ठ ऐकूच आला नव्हता. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या शंकरशेट स्कॉलरशिपचं इंग्रजी स्पेलिंगही याच वळणाचं. 1912 साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती.

फोर्टातल्या गनबाव स्ट्रीटवर तर साहेबाने शेटच गिळून टाकला. ती याच घराण्यातल्या गणबाशेटांच्या नावाची. आता तिचं नाव रुस्तम सिधवा मार्ग आहे, त्यामुळे उरलेला गणबाही गेला.

राहिले जमशेटजी. तिथे मात्र फसू नका. जीजीभॉय असोत (जे. जे. स्कूल ऑफ आर्टवाले) की टाटा, दोघांच्या नावात शेट नाहीच. तो फारसी 'जमशेद', पुढे 'जी' लागल्यावर बोलताना द चा ट झालेला. त्यामुळे 'जमशेठजी' कुठे दिसलं तर ते बिनधास्त खोडा. इथे दोन मतं नाहीत.