शेवटच्या कडव्यात नाव घाल

चि. पोरी,

सप्रेम जयभीम.

तुझं गाणं चार वेळा ऐकलं. दोनदा कानाला फोन लावून, एकदा मुलाच्या स्पीकरवर आणि शेवटी पेटी पुढ्यात घेऊन. आवाज छान लागलाय. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्या कडव्यातल्या आईच्या चपलेनं. अंगठा तुटलाय, त्याला सेफ्टी पिन लावून आई कामावर निघालीय. हे तू डोळ्यांनी पाहिलंयस, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पहिल्या कडव्यातली ‘क्रांतीची मशाल’ मात्र काढून टाक. ती तुझ्या घरात कधी पेटलेली नाही.

वामनदादांसारखं लिहायचं तर काय वाचू, असं तू विचारलंस. अगं, वामनदादा कर्डक आंबेडकरी चळवळीचे एवढे मोठे लोककवी, पण त्यांना तरुण होईपर्यंत वाचताच येत नव्हतं. १५ ऑगस्ट १९२२चा जन्म, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईला आले, चाळीत राहिले, पडेल ते काम केलं. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून हातात दिलं आणि त्यांना ते वाचता येईना. ते इतकं मनाला लागलं की मोठ्या वयात अक्षरं गिरवायला बसले. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचायचे. त्यानंतर १९४३ला पहिलं गाणं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. मे २००४ला गेले तेव्हा मागे हजारो गाणी होती.

म्हणून सांगतो, पुस्तकं वाच, जरूर वाच, पण कान बाहेर ठेव. दादांचं ते टाटा-बिर्लांचं नाव घेऊन आमचा वाटा कुठाय हो, असं विचारणारं गाणं घे. त्यात ‘कुठे आहे’ लिहिलं असतं तर गाणं तिथंच अडलं असतं. ‘कुठाय’ हा रेशनच्या रांगेतला शब्द आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तो पाठ करावा लागत नाही, कारण सकाळपासून दहा वेळा तोच शब्द त्याच्या तोंडून गेलेला असतो. तुझ्या गाण्यात ‘वेदनांचा सागर’ आलाय. तुमच्या वस्तीत असं कोण बोलतं?

आणखी एक. धृपद कोरसला झेलता आलं पाहिजे. तुझं धृपद इतकं लांब आहे की मागच्यांना मध्येच श्वास घ्यावा लागेल. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात बाजूला जनरेटर धडधडत असतो, पोरं रडत असतात, शेवटच्या रांगेतला माणूस उभ्यानं ऐकत असतो. त्याच्यापर्यंत ओळीतला शेवटचा शब्द पोहोचला पाहिजे. तो शब्द दीर्घ स्वराचा ठेव, म्हणजे ओढून धरता येतो. माझ्या गुरूंनी मला मैदानाच्या टोकाला उभं करून दुसऱ्याचं गाणं ऐकायला लावलं होतं. कळलं नाही तो शब्द वहीत खोडायचा. तूही करून बघ.

आता नावाचं. दादांच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात बहुधा ‘वामन’ येतो. आमच्या गायन पार्टीतल्या एका पोरानं एकदा तिथं स्वतःचं नाव बसवून म्हटलं. मात्रा चुकली आणि ढोलकीवाल्यानं वाजवणंच थांबवलं. तेव्हा मला नाममुद्रेची, म्हणजे गाण्यात गुंफलेल्या कवीच्या नावाची, ताकद कळली. गाणं दहा गावं फिरतं, चाल बदलते, कडवी गळतात, पण यमकात घट्ट बसलेलं नाव सहजी उपटता येत नाही.

मी ते केलं नाही. कॅसेटच्या काळात एका कंपनीला मी आठ गाणी दिली. एकरकमी पैसे घेतले, कागद न वाचता सही केली. कॅसेट आली तेव्हा आतल्या कागदावर गायकाचं नाव, वादकांची नावं, गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’. मी तेव्हा चाळिशीचा होतो, चांगला जिवंत होतो. त्यातलं एक गाणं अजून लग्नाच्या वरातीत वाजतं. माझ्या नातीला पटतच नाही की ते आजोबांचं आहे.

म्हणून गाणं झालं की तारीख घालून वहीत उतरव, स्वतःलाच मेल कर. गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची सभासद हो, मुंबईत आहे. २०१२ला कॉपीराइटचा कायदा दुरुस्त झाला, त्यानंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला सरसकट लिहून घेता येत नाही. हक्क तुझ्या हयातीत आणि पुढं साठ वर्षं टिकतो. कुणी ‘सगळे हक्क कायमचे’ असा कागद पुढं केला तर सही करू नकोस, मला फोन कर. आणि चाल स्वतःची बांध. सिनेमाची चाल आमच्या जलशात खपून गेली, यूट्यूबवर मात्र कॉपीराइटचा क्लेम येतो आणि मिळणारे पैसे चालीच्या मालकाकडं जातात.

लॅबमधली नोकरी सोडू का, विचारलंस. नको सोडू. एप्रिल-मे हातात तारखा मावत नाहीत आणि पावसाळ्यात ढोलकीसारखाच खिसाही ढिला पडतो. दादा आयुष्यभर गावोगाव फिरले, पण पैसा गाठीला लागला नाही. आपण त्यांची गाणी गातो, त्यांचे हाल गाऊन मोठे करायचे नाहीत. तुझ्या घरचा हप्ता तुझ्या पगारावर चालतो, हे मला माहीत आहे. रात्रपाळी नसेल त्या रात्री लिही.

येत्या रविवारी ये. चपलेचं कडवं आधी घेऊ, तेच धृपद होईल असं मला वाटतंय. ‘पिन’ला यमक शोधून ठेव. आईलाही घेऊन ये, ती चालताना त्या चपलेचा आवाज कसा येतो ते मला ऐकायचंय. ठेका तिथूनच मिळेल.

तुझा,
पेटीवाला काका