ग्वारिझेसारखं व्हायचंय, पण अकरावीचं काय?

(नाशिकहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा दहावीत आहे. लहानपणापासून चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग करतो, तेही जोडीत, क्लबमधल्याच एका मुलीबरोबर. दोघांना राज्य पातळीवर पदकं मिळाली आहेत. ते लिहितात: "मातेओ ग्वारिझे नावाच्या इटालियन खेळाडूचे व्हिडिओ त्याने मोबाइलवर पाहिले. तोही आधी चाकांवर होता, मग बर्फावर जाऊन युरोपचा विजेता झाला. आता चिरंजीव म्हणतात, अकरावी नको, मला इटलीला पाठवा. त्याची आई रडते, आजोबा म्हणतात पोराचं डोकं फिरलंय. यात खरंच करिअर आहे का? नसेल तर त्याला कसं समजावू?")

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून वाटलं की उत्तर तुम्ही आधीच ठरवलंय आणि माझ्याकडून फक्त शिक्का हवाय. तो लगेच मिळणार नाही. मुलाने निवडलेलं उदाहरण खोटं नाही, उथळ तर अजिबात नाही. फक्त त्याने त्या गोष्टीचा शेवट पाहिलाय आणि मधलं सगळं गाळलंय. मधलं तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचा.

ग्वारिझे मूळचा रिमिनीचा. एड्रियाटिक किनाऱ्यावरचं हे गाव. इटलीत चाकांवरचं स्केटिंग आपल्यासारखं सुट्टीतल्या शिबिरापुरतं नसतं, तिथे त्याची मोठी परंपरा आहे. 2008 मध्ये सारा वेनेरुच्चीबरोबर तो चाकांवरच्या जोडी प्रकारात जगज्जेता झाला. म्हणजे बर्फावर आला तेव्हा तो त्याच्या खेळात जगात पहिला होता. हे वाक्य मुलाला दोनदा वाचायला सांगा. राज्याचं पदक छोटं आहे असं मी म्हणत नाही, पण ग्वारिझेने ज्या पायरीवरून उडी घेतली ती पायरी कोणती होती, हे त्याला कळायला हवं.

मग तो बर्फावर आला आणि 2011 मध्ये निकोल देल्ला मोनिकाबरोबर त्याची जोडी जमली. निकोल तोवर यानिक कोकोनबरोबर 2010 चं व्हँकुव्हर ऑलिंपिक खेळून आली होती आणि तिथे बारावी होती. बर्फावर अनुभवी होती ती, नवखा होता हा जगज्जेता! दोघं सोची 2014, प्योंगचँग 2018 आणि बीजिंग 2022 अशी तीन ऑलिंपिक एकत्र खेळली. प्योंगचँगला दहावी आली. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रां प्री फायनलला पोहोचणाऱ्या सहा जोड्यांत त्यांचं नाव होतं, आणि या खेळात तो मान मोठा आहे. पण ऑलिंपिक पदक नाही, आणि अकरा वर्षांत युरोपचं विजेतेपदही नाही.

2022 नंतर ही जोडी थांबली. ग्वारिझे तेव्हा तेहतिशीत होता. एवढ्या वयात बहुतेक खेळाडू प्रशिक्षक होतात. याने लुक्रेत्सिया बेक्कारी या मुलीबरोबर नव्याने सुरुवात केली. ती तोवर एकेरीत खेळायची, जोडीचा प्रकार तिला नवा होता. जानेवारी 2024 मध्ये लिथुआनियातल्या काउनासला दोघं युरोपचे विजेते झाले. तो 35 वर्षांचा होता, ती विशीतली. तुमच्या मुलाने पाहिलेला व्हिडिओ बहुधा याच स्पर्धेचा. जोडीचा मुख्य कार्यक्रम चार मिनिटांचा असतो. त्या चार मिनिटांआधी बर्फावरची बारा-तेरा वर्षं आहेत, आणि त्यातली बरीचशी सहाव्या, आठव्या, दहाव्या क्रमांकाची.

मला या कारकिर्दीत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जोडीदाराची बाजू. वेनेरुच्ची, देल्ला मोनिका, बेक्कारी. दर वेळी आपल्या उंचीला, वजनाला, वेगाला आणि स्वभावाला जुळणारं माणूस मिळालं, तेही त्याच देशात, त्याच वेळी. इटलीत जोडी स्केटिंगची अशी माणसं एकमेकांना सापडतात, कारण तिथे आता तशी वस्तीच तयार झाली आहे. वालेंतिना मार्केई सोचीला एकेरीत अकरावी आली आणि त्यानंतर, 28 व्या वर्षी, ओंद्रेज होतारेकबरोबर जोडीत उतरली. चार वर्षांत दोघं प्योंगचँगला सहावी. सारा कोन्ती आणि निकोलो माची यांनी 2023 मध्ये युरोपचं विजेतेपद आणि जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. इटालियन जोडीला ही दोन्ही यशं पहिल्यांदाच मिळत होती. एक जोडी मोडली तर दुसरा जोडीदार मिळतो, कारण शोधायला माणसं आहेत. तुमचा मुलगा एकटा विमानात बसला तर तिथे त्याला जोडीदार कोण देणार? एकेरीतला मुलगा निदान एकटा सराव तरी करू शकतो.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे, ती लपवत नाही. जोडीसाठी मुलींपेक्षा मुलगे कमी मिळतात, आणि उचलायला शिकलेला, मुलीला हातातून न सोडणारा मुलगा तर फारच दुर्मिळ. हे कौशल्य चाकांवरून बर्फावर बऱ्यापैकी उतरतं. खांद्यांची ताकद, जोडीदाराच्या कमरेखाली नेमका हात कुठे जातो, वर नेताना दोघांनी कोणत्या ठोक्याला श्वास घ्यायचा, पडताना आधी तिला सावरायचं, हे त्याला ठाऊक असणार.

पाय मात्र नव्याने शिकावे लागतात. त्याच्या स्केटला पुढे दोन आणि मागे दोन चाकं आहेत, चारही टेकवून तो सपाट उभा राहू शकतो. बर्फावरची पाती साधारण चार मिलिमीटर जाडीची असते, तिच्या तळाला लांबच लांब खाच असते आणि त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना धार. चांगलं घसरायचं म्हणजे कायम कुठल्या तरी एका धारेवर. चाकांवर थांबायला पंजाखालचा रबरी स्टॉपर टेकवायची सवय असते. बर्फाच्या पातीला त्याच जागी दाते असतात, ते उडीसाठी. थांबायला म्हणून जुन्या सवयीने पंजा टेकवला की दाते रुततात आणि माणूस तोंडावर आपटतो. आता याच पायांवर मुलीला डोक्यावर एका हाताने धरून फिरायचं आहे, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त साडेतीन फेऱ्या, आणि फिरताना वेग कमी होऊ द्यायचा नाही. वरची मुलगी किती सुंदर दिसते हे प्रेक्षक बघतात, गुणांचा बराच हिशेब खालच्याच्या पायांवर होतो. ग्वारिझेसारख्या जगज्जेत्यालासुद्धा हे पाय घडवायला वर्षं लागली.

आता पोटापाण्याचं. तुम्ही बाप आहात, हाच प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसेल. या खेळात बक्षिसाच्या पैशावर घर चालवणारी माणसं मोजकी असतात. रिंकचं भाडं, प्रशिक्षक, नृत्यरचना, बूट आणि पाती, कपडे, प्रवास, आणि जोडीत हे सगळं दोघांचं. इटलीत अनेक खेळाडूंना आधार मिळतो तो सरकारी गणवेशाचा. राष्ट्रीय पोलिसांचं फियाम्मे ओरो, तुरुंग पोलिसांचं फियाम्मे अझ्झुर्रे, आर्थिक गुन्हे बघणाऱ्या दलाचं फियाम्मे जाल्ले, अशी क्रीडा पथकं आहेत. खेळाडू तिथे नोकरीत असतो, पगार घेतो आणि सराव करतो. त्यांची नावाजलेली एकेरी खेळाडू कारोलिना कोस्तनर अशीच फियाम्मे अझ्झुर्रेची. आपल्याकडे रेल्वेत कुस्तीपटू आणि कबड्डीपटू नोकरीला असतात, जवळपास तसंच. पण ही पथकं इटलीची, इटालियन नागरिकांसाठी. तुमच्या मुलाला ती दारं उघडी नाहीत.

यातूनच पासपोर्टचा मुद्दा येतो, आणि पालक नेमका हाच विचारायचं विसरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जोडीतले दोघं वेगळ्या देशांचे असले तरी एका देशातर्फे खेळू शकतात. ऑलिंपिकला मात्र दोघांकडेही त्याच देशाचं नागरिकत्व लागतं. होतारेक मूळचा चेक आहे, पण इटलीचा होऊनच ऑलिंपिकला उतरला. तो युरोपातल्या युरोपात हलला होता. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला तिथलं नागरिकत्व साधारणपणे दहा वर्षं राहिल्यावर मागता येतं, आणि ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पंधरा वर्षांच्या मुलाकडून एवढा मोठा निर्णय घेऊ नये. तुम्हीही त्याच्या वतीने घेऊ नका.

म्हणून इटली आत्ता नाही. पण खेळ बंद करायला लावाल तर मी तुमच्या बाजूने नाही.

घाई नाही, हे त्याला आकड्यांत दाखवा. बर्फावरच्या स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने वाढवून 2024-25 च्या मोसमापासून 17 केलं आहे. बोर्डाची परीक्षा दिली म्हणून काही हुकत नाही. परीक्षा झाली की सुट्टीत त्याला बर्फावर उभं करा. गुरुग्रामला एका मॉलमध्ये रिंक आहे, तो पूर्ण मापाचा नाही पण पहिल्या चाचणीला पुरेसा आहे. देहरादूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला पूर्ण मापाचा रिंक आहे. मध्ये तो बरीच वर्षं बंद होता, तेव्हा तिकिटं काढण्याआधी फोन करून चालू असल्याची खात्री करा. तीन-चार आठवडे रोज सराव करू दे. कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना बरोबर नेऊ नका. तिथल्या प्रशिक्षकाला एकच विचारा: धारांवर हा पोरगा कसा आहे? उड्यांबद्दल विचारू नका, उड्या सगळ्यांनाच आवडतात. महिन्याभराच्या आपटण्यानंतरही त्याला परत जायचं असेल तर आपण पुढचं बोलू. आणि त्याचं मन तिथे उतरलं तर तुमचं इटलीचं बजेट वाचलं.

तोवर चाकं सोडायची नाहीत. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाल यांनी चाकांवरच्या जोडी प्रकारात भारताला कांस्य मिळवून दिलं होतं, यामाने एकेरीतही कांस्य आणलं. इथल्याच घरांतून आलेली ही मुलं. मुलाने त्यांचं नाव ऐकलंय का, विचारून बघा. रिमिनीचा खेळाडू मोबाइलवर सापडतो आणि आपला सापडत नाही, याचं मला जरा वाईट वाटतं. पुढची पायरी म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत वरचं स्थान. त्या पातळीची प्रमाणपत्रं दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांना उपयोगी पडतात, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, तिथेही कामी येऊ शकतात. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम बदलत असतात, त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एक चक्कर मारा. क्लबमध्ये कुणीतरी सांगितलं एवढ्यावर विसंबू नका.

अकरावीचं म्हणाल तर तो कोणत्याही शाखेला जाऊ दे, पण जाऊ दे. फिजिओथेरपीकडे ओढा असेल तर विज्ञान आणि जीवशास्त्र हवंच. क्रीडा व्यवस्थापन किंवा प्रशिक्षण करायचं असेल तर कला-वाणिज्यही चालतं. पुण्यात बालेवाडीला राज्याचं क्रीडा विद्यापीठ आहे, त्याची माहिती काढा. कॉलेजची हजेरी आणि सराव जमेना तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते. शाळा सोडण्यापेक्षा हा मार्ग बरा, आणि आजोबांनाही समजावता येईल. इटालियन शिकायची हौस असेल तर शिकू दे. त्यात नुकसान काहीच नाही, आणि कधी उन्हाळी शिबिरासाठी तिथे गेलाच तर प्रशिक्षकाचं ओरडणं कळेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत आली आणि निघून गेली. त्याच्याबरोबर जोडीत खेळणारी ती मुलगी. तीही बहुधा याच वयाची, तीही दहावीच्या आसपास. तुमचा मुलगा इटलीची भाषा करतोय हे तिला माहीत आहे का? देहरादूनला जायचं तर तिच्या घरच्यांनाही विचारा, जमलं तर दोघांना एकत्रच न्या. आणि त्याने एकट्याने जायचं ठरवलं तर ते तिला क्लबच्या कट्ट्यावरून नव्हे, त्याच्याच तोंडून कळू दे, तेही पुढच्या राष्ट्रीय निवड चाचणीचे अर्ज भरण्याआधी. तिलाही तेवढ्या वेळात दुसरा जोडीदार शोधावा लागेल.