केबल बातम्यांच्या जुन्या कॅसेट : चालवण्याआधी वाचा

खानापूरच्या (जि. बेळगाव) एका सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे दिवंगत मामा १९९० च्या दशकात आणि त्यापुढची काही वर्षे केबलवरच्या स्थानिक बातम्यांसाठी चित्रण करीत असत. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांच्या ३६ व्हीएचएस आणि ११ मिनी डीव्ही (लहान डिजिटल) कॅसेट सापडल्या आहेत. त्या घरच्या व्हीसीआरवर लावून पाहाव्यात का, त्यांत जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे काही निघेल का, आणि जे निघेल ते सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. मी तेरा-चौदा वर्षे बेळगावात शूटिंग आणि मिक्सिंगचे काम केले आणि नंतर जुन्या कॅसेट संगणकावर उतरवण्याकडे वळलो, तेव्हा अनुभवातून सांगतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आज नको’ असे आहे. कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून आतल्या गुंडाळीची कड पाहावी. कड काळी आणि गुळगुळीत दिसली तर ठीक. तिच्यावर पिठासारखे पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. खानापूर भागातला पाऊस, कौलारू घराचा माळा आणि बंद ट्रंक यांत वीसेक पावसाळे काढलेल्या कॅसेटींपैकी काहींना तरी बुरशी लागलेली असणारच. २००९ साली बेळगावच्या शहापुरातून आलेली अशी एक कॅसेट मी केवळ उतावीळपणाने थेट व्हीसीआरमध्ये घातली. चित्र मिनिटभर दिसले, मग पांढऱ्या रेघा आल्या आणि हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, बसले. त्याहून वाईट म्हणजे त्याच यंत्रात नंतर घातलेल्या दोन चांगल्या कॅसेटींनाही ती भुकटी लागली. चूक सर्वस्वी माझी होती. म्हणून बुरशीच्या कॅसेट आधीच वेगळ्या काढून स्वतंत्र पिशव्यांत ठेवाव्यात, त्या हाताळताना नाकातोंडावर मास्क लावावा आणि त्यांची सफाई हे काम करणाऱ्याकडूनच करून घ्यावी. बाकीच्या कॅसेट कोरड्या खोलीत पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

आता १९८६ बद्दल. त्या सालचे काही मामांच्या ट्रंकेत निघण्याची शक्यता कमी आहे, कारण आपल्याकडे केबलवरच्या स्थानिक बातम्या हा प्रकारच नंतरच्या दशकातला आहे. १९८६ मध्ये दूरचित्रवाणी म्हणजे केवळ दूरदर्शन होते. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. पण ही केंद्रे वरून आलेला कार्यक्रम पुढे फेकण्यापुरती होती, तिथे ना कॅमेरा होता ना संग्रह. सीमाभागातल्या घटनेचे दूरदर्शनसाठी चित्रण झालेच असेल तर ते १९८१ मध्ये सुरू झालेल्या बेंगळुरूच्या केंद्राकडे किंवा १९७२ पासून चालू असलेल्या मुंबईच्या केंद्राकडे शोधावे लागते, आणि जपले गेलेले काही दिल्लीला, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या संग्रहातही असू शकते. बातमीची टेप महाग होती व ती पुसून पुन्हा वापरणे ही जगभरची रीत होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही १९७८ पर्यंत आपले कितीतरी कार्यक्रम असेच घालवले. प्रसार भारतीकडे माहिती अधिकाराखाली १० रुपयांत अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. मात्र ‘सीमाप्रश्नाचे सर्व चित्रण’ अशी मागणी करू नये. दिनांक, गाव आणि घटना नेमकी लिहून तेवढ्या बातमीची नोंद आहे का, एवढेच विचारावे. दिनांक आधी बेळगावच्या वाचनालयातील वृत्तपत्रांच्या फायलींतून काढावा.

आपल्या भागाचे जुने चित्रण कसे टिकते याचे एक उदाहरण निपाणीचे आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाची, शरद जोशींच्या त्या महामार्गावरच्या ठिय्याची, आठवण तिथल्या प्रत्येक घरात आहे. त्याच सुमारास तिथल्या तंबाखू वखारींतल्या कामगार स्त्रियांवर युगांतर या महिला गटाने १६ मिलिमीटर फिल्मवर माहितीपट केला. तो १९८२ मध्ये पुरा झाला, फिल्मच्या रूपात टिकला आणि पुढे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडून त्याचे डिजिटल पुनरुज्जीवन झाले. निपाणीच्या बायकांचे मराठी बोलणे बर्लिनमध्ये जपले जाते, आणि आपल्या केबलवर त्यानंतर वीस वर्षांनी रोज संध्याकाळी लागलेल्या बातम्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही शिल्लक नाहीत, याचे मला अजून नवल वाटते.

तरीही मामांची ट्रंक मोलाची आहे, आणि ती मोलाची का आहे हे नीट समजून घ्यावे. प्रसारित झालेले बातमीपत्र केबलवाल्याकडे असायचे. त्याच्याकडे दहा-बारा कॅसेट फिरत्या असत. सोमवारच्या कॅसेटवर पुढच्या सोमवारी दुसरी बातमी चढायची. मी ज्याच्यासाठी काम केले त्या चालकाने एकाही वर्षाचे काही ठेवले नव्हते, आणि कुणी विचारले तर त्याला त्यात गैर काय हेच कळत नसे. याउलट चित्रण करणाऱ्याच्या घरी मूळ कॅसेट राहायची, तीही बातमी म्हणून नव्हे, तर रिकामी कॅसेट म्हणून. लग्नाची ऑर्डर आली की तीच वापरायची.

म्हणून प्रत्येक व्हीएचएस कॅसेटची लेबलाकडची कड पाहावी. तिथे एका टोकाला प्लास्टिकचा लहान तुकडा असतो. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. तुकडा मोडलेला असेल तर मामांनी ती मुद्दाम जपली होती असे समजावे. मोडलेल्या जागेवर सेलोटेप चिकटवलेली असेल तर जपलेली कॅसेट नंतर अडचणीत पुन्हा वापरली गेली आहे. अशी कॅसेट कधीही टाकू नये, आणि उतरवताना ती शेवटपर्यंत चालू द्यावी, कारण १८० मिनिटांच्या कॅसेटवर दीड तासाचे लग्न चढले तरी पुढचा दीड तास जुनेच राहते. माझ्याकडे आलेल्या एका कॅसेटवर नुसते ‘लग्न, हॉल’ एवढेच लिहिले होते. जेवणाच्या पंगतीवर चित्र संपले, थोडा वेळ मुंग्या दिसल्या, आणि मग अचानक मारुती गल्लीतली शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक सुरू झाली. सहा मिनिटे, निवेदन नाही, फक्त ढोल आणि माणसे.

तिचे साल कसे ठरवले ते सांगतो, कारण आपल्यालाही हेच करावे लागेल. कोपऱ्यात उमटलेल्या तारखेवर मी विसंबलो नाही. कॅमेऱ्यातली लहान बॅटरी संपली की ती तारीख मूळपदावर जाते आणि तशीच छापत राहते. एका एसटीडी बूथच्या फलकावर सहा आकडी दूरध्वनी क्रमांक होता. आपल्याकडे क्रमांकाआधी २ लागून तो सात आकडी झाला तो २००२-०३ च्या सुमारास. चौकाच्या तोंडाशी गर्दीत अडकलेल्या सरकारी बसवर कन्नडमध्ये ‘वायव्य’ असे लिहिलेले होते. वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ स्थापन झाले १ नोव्हेंबर १९९७ रोजी. म्हणजे मिरवणूक १९९८ ते साधारण २००२ मधली. भिंतीवर चित्रपटाचे पोस्टर होते. आपल्याकडची शिवजयंती वैशाखातली, म्हणून त्या पाच वर्षांच्या वैशाखातल्या वृत्तपत्रांत चित्रपटगृहांच्या जाहिराती पाहिल्या आणि एकाच वर्षी ते नाव त्या आठवड्यात सापडले. (कन्नड वाचणारा शेजारी जवळ असावा, या कामात सीमावाद चालत नाही.) दुकानांच्या पाट्यांवरचा इंग्रजी ‘बेलगाम’ मात्र फारसा उपयोगी नाही, अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले असले तरी जुन्या पाट्या नंतरही राहिल्या.

उतरवण्याच्या क्रमाबद्दल माझे मत थोडे उलटे आहे. मिनी डीव्ही नवी म्हणून मागे ठेवू नये, ती आधी उतरवावी. तिची टेप जेमतेम सव्वासहा मिलिमीटर रुंद असते, आणि बिघडली की व्हीएचएससारखे फिके चित्रसुद्धा देत नाही, सरळ चौकोन दिसतात किंवा काहीच नाही. शिवाय ती चालवणारे कॅमेरे आणि फायरवायरचे (कॅमेरा जोडण्याची जुनी सोय असलेले) संगणक झपाट्याने भंगारात जात आहेत. फायरवायरने ती जशीच्या तशी घ्यावी. तासाला सुमारे १३ जीबी लागतात, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ नीट लावलेले असेल तर चित्रणाची तारीख-वेळ त्या माहितीतच दडलेली असते. व्हीएचएससाठी एस-व्हिडिओ जोडणीचा चांगला व्हीसीआर आणि चित्र स्थिर ठेवणारे टीबीसी लागते. मूळ प्रत एफएफव्ही१ या, चित्रातले काहीही न गमावता साठवणाऱ्या स्वरूपात ठेवल्यास तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतील. चित्र स्वच्छ, मोठे किंवा रंगीत करून देणारी आजची साधने त्या मूळ प्रतीवर अजिबात चालवू नयेत. तसे करायचेच असेल तर दुसऱ्या प्रतीवर करावे, कारण ती साधने नसलेला चेहरा बनवून देतात, आणि मोर्चाच्या चित्रणात चेहरा हाच पुरावा असतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे दुरुस्त केलेले जुने यंत्र मिळाले तर भाव फार करू नये.

जाहीर करण्याचा प्रश्न कायद्याचा आहे आणि काहीसा माणुसकीचाही. कॉपीराइट कायद्यानुसार व्हिडिओ चित्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, तर प्रक्षेपणाचा वेगळा हक्क २५ वर्षांचा असतो. तेव्हा १९९० च्या दशकातल्या प्रक्षेपणाचा हक्क संपला असला तरी चित्रणाचा चालूच आहे. मामांनी केबलवाल्याकडून ठरवून पैसे घेऊन चित्रण केले असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो केबलवाला ठरतो. स्वतःच्या हौसेने केले असेल तर हक्क मामांच्या वारसांकडे येतो. केबलचा तो व्यवसाय बंद पडला असला तरी चालक गावातच असेल. त्याच्याकडून एका कागदावर संमती लिहून घ्यावी. मोर्चा, लाठीमार किंवा दगडफेकीचे चित्रण असेल तर ते कापून दोन मिनिटांचे करून टाकू नये. दिनांक, ठिकाण आणि आधीचे-नंतरचे सारे जोडून पूर्ण ठेवावे. त्या चित्रातले तरुण आज पन्नाशी-साठीचे आहेत, त्यांच्या मुलाबाळांची घरे याच गल्ल्यांत आहेत, आणि एक नोव्हेंबरच्या (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आदल्या रात्री फिरवलेली अर्धवट क्लिप काय करते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

अजून एक. आमच्या धंद्यात जवळजवळ प्रत्येकाकडे ऑर्डरची वही असायची : तारीख, गाव, कुणासाठी, किती कॅसेट, किती उचल. लेबलावर काहीच नसेल तेव्हा तिच्यावरूनच कॅसेट ओळखता येते. आपण ट्रंकेत कॅसेट सापडल्या एवढेच लिहिले आहे. ती वही कुठे आहे, हे मामींना विचारून कळवावे.