पेट स्कॅन झालाय, मग डोक्याचा एमआरआय कशाला?

प्रश्न : बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, स्टेज ३. पेट-सीटी झाला, त्यात डोक्यात काही नाही म्हणे. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, तरी डॉक्टर मेंदूचा एमआरआय सांगतायत. परत खर्च. खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे, करूनच घ्या. पेटमध्ये ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध देतात आणि जिथे ते जास्त खेचलं जातं तो भाग चमकतो, पण मेंदू मुळातच भरपूर ग्लुकोज खातो, त्यामुळे सगळा मेंदूच चमकत असतो आणि त्यात दोन-चार मिलिमीटरची गाठ दिसणार कशी? भर दिवसा काजवा शोधण्यातला प्रकार. साधा सीटीही बारीक गाठी सोडतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध, देऊन केलेला एमआरआय त्या पकडतो.

त्रास नाही म्हणून गाठ नाही असं नसतं हो, पुष्कळांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. आणि निकालावर ट्रीटमेंटच बदलते, म्हणजे डोक्यात काही निघालं तर ती स्टेज ४ होते, ऑपरेशनचा विचार वेगळा होतो, गाठी थोड्या असतील तर नेमक्या तेवढ्यावरच रेडिएशन देता येतं, कॅन्सरच्या पेशींत ईजीएफआर किंवा एएलके नावाच्या जनुकात बदल असेल तर मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्याही आहेत. फुफ्फुसातल्या अगदी लहान, स्टेज १ च्या गाठीला हा एमआरआय बऱ्याचदा लागत नाही, स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या वेगाने पसरणाऱ्या प्रकारात मात्र सगळ्यांनाच सांगतात.

जाण्याआधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट हाताशी ठेवा, पेसमेकर असेल तर आधीच सांगा. मशीनचा आवाज फार असतो, बाबांना तेवढी कल्पना द्या.