केमोची औषधं आदल्या दिवशी तयार ठेवावीत का?

डे-केअरला रुग्ण सकाळी येतात. रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांचा होकार, मग औषध भरायचं, यात दुपार होते. आदल्या दिवशीच भरून ठेवलं तर? (हॉस्पिटल फार्मासिस्ट, नाशिक)

सरसकट नको. आधी टिकाऊपणा बघा. साध्या तापमानाच्या पाण्यात कालवलेलं अझासिटिडीन फ्रिजमध्येही ८ तासच चालतं. कालवलेलं जेमसायटाबिन तर फ्रिजमध्ये ठेवायचंच नाही, खडे धरतात. जी औषधं टिकतात त्यांच्यासाठी दोन आकडे मांडा: केमो रद्द झाली तर वाया जाणारी रक्कम आणि आधी न भरल्याने होणाऱ्या खोळंब्याची किंमत. पहिल्या आकड्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. केमो ठरल्या दिवशी होण्याची शक्यता या उत्तरापेक्षा जास्त असेल, तर आधी भरा. समजा, खोळंबा ५०० रुपयांचा धरला. मग ५०० रुपयांच्या औषधाला निम्म्याहून थोडी जास्त शक्यता पुरते. ९,५०० च्या औषधाला ९५ टक्क्यांच्या वर हवी.

शक्यता तुमच्याच रजिस्टरमधून निघेल: रक्तपेशींचे काउंट कमी आले म्हणून कितीजण परत गेले, कोणत्या प्रोटोकॉलवर (ठरलेल्या औषधयोजनेवर), केमोच्या कितव्या सायकलला (फेरीला). खोळंब्याची किंमत मात्र कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. ती डॉक्टर, सिस्टर आणि फार्मसीने एकत्र बसून ठरवायची. वाद होईल, होऊ द्या. एरवी हा हिशेब जो तो मनातल्या मनात करतो आणि प्रत्येकाचा वेगळा येतो.

पण डोस माणसागणिक वेगळा. एकाची पिशवी दुसऱ्याला कशी चालेल?

जवळजवळचे डोस एका ठरावीक आकड्यावर आणले तर चालू शकते. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्यासाठी राष्ट्रीय तक्ते आहेत. डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. पॅक्लिटॅक्सेल १७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरलं, तर १.५ चौरस मीटरच्या रुग्णाला २६२.५ मिलिग्रॅम लागतं. आपल्याकडे २६० ची व्हायल (औषधाची छोटी बाटली) मिळते. अडीच मिलिग्रॅमसाठी, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी फरकासाठी, दुसरी व्हायल फोडायची का? मला ती उधळपट्टी वाटते. पण निर्णय ऑन्कॉलॉजिस्टचा आणि लेखी हवा. फार्मसीने परस्पर आकडे गोल करू नयेत. शिवाय पिशवी दुसऱ्याच्या कामी येणार असेल, तर वाया जाण्याची रक्कम घटते आणि वरचं गणितही सैल होतं.

औषध भरायचं सुरक्षित कॅबिनेट एकच आहे. आधी कुणाचं भरायचं?

होकार आलेल्यांपैकी ज्याचं औषध जास्त वेळ चढतं त्याचं. तीन तासांचं पॅक्लिटॅक्सेल आधी भरलं तर वॉर्ड लवकर रिकामा होतो. बोर्टेझोमिबचं इंजेक्शन काही सेकंदांत देऊन होतं, म्हणून या नियमाने तो रुग्ण कायम मागे पडतो. तेव्हा कुणी जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं, याची मर्यादा घाला. तसंही पॅक्लिटॅक्सेलवाल्याचा सुरुवातीचा वेळ प्रीमेडिकेशनमध्ये, म्हणजे केमोआधी द्यायच्या औषधांत, जातो. तेवढ्यात एखादं छोटं काम उरकतं.

हे सगळं एक्सेलमध्ये जमेल?

जमेल. सूत्रांचे रकाने लॉक करा आणि प्रत्येक डोस दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.