दुर्घटनेनंतर श्रद्धेची चिकित्सा करावी का?

आपण लिहिता की दूरच्या नात्यातील एक बाई यात्रेतील चेंगराचेंगरीत दगावल्या, घरात आपण ‘ठरावीक दिवशी ठरावीक जागीच पुण्य मिळते या समजुतीचाही आता विचार व्हायला हवा’ असे म्हणालात, आणि ‘ही काय वेळ आहे का?’ म्हणत वडीलधाऱ्यांनी आपल्याला गप्प केले. दुर्घटनेनंतर धार्मिक श्रद्धेवर टीका करणे योग्य आहे का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की टीका जरूर व्हावी आणि लांबणीवर न टाकता व्हावी. फक्त तिचा रोख ज्या घरात सुतक आहे त्या घराकडे नसावा, तर त्या मृत्यूंचा अर्थ जाहीरपणे लावणाऱ्यांकडे आणि ती गर्दी जमवणाऱ्यांकडे असावा. आपल्या वडीलधाऱ्यांनी वेळेचा मुद्दा काढला. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. आपण हे कोणासमोर बोललात, हे मी आधी विचारेन.

अशा प्रसंगी श्रद्धा मूकपणे शोक करत असते आणि टीकाकार तेवढा मध्येच तोंड उघडतो, असे चित्र नेहमी उभे केले जाते. माझा अनुभव निराळा आहे. नागपूरच्या महाल भागात, आमच्या शेजारी, एक तरुण मुलगा अपघातात गेला तेव्हा भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी त्याच्या आईला मागच्या जन्मीच्या कर्माचा हिशेब सविस्तर समजावून सांगितला होता, आणि त्या खोलीत त्या वेळी एकही नास्तिक नव्हता. मृत्यूचे पहिले स्पष्टीकरण बहुधा श्रद्धेकडूनच येते. ते स्पष्टीकरण जर सर्वांसमोर मांडले जात असेल, तर त्याला उत्तर देणे हा आगाऊपणा कसा ठरतो, हे मला समजत नाही.

या बाबतीत सर्वांत चांगले उदाहरण १९३४ चे आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले, हजारो माणसे मेली. गांधीजी तेव्हा ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून सुरू केलेल्या हरिजन दौऱ्यात होते आणि दक्षिणेत पोहोचले होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीर भाषणात सांगितले. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींच्याच बाजूचे होते. तरीही त्यांनी आपला निषेध लिहून पाठवला आणि तो गांधीजींनी १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’ अंकात आपल्या उत्तरासह छापला. भूकंपाला जेमतेम महिना झाला होता आणि ढिगारे अजून उपसले जात होते. टागोरांचे म्हणणे थोडक्यात असे होते की भौतिक आपत्तीची कारणे भौतिकच असतात. शिवाय हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभतो, कारण अस्पृश्यता मोडायला निघालेल्या गांधींमुळेच देव कोपला, असे सनातनी मंडळीही तितक्याच सहजपणे म्हणू शकतात. गांधीजी आपल्या मतावरून हलले नाहीत. मला त्या वादात महत्त्वाचे वाटते ते हे की टागोरांनी बिहारमधल्या एखाद्या आप्त गमावलेल्या शेतकऱ्याची श्रद्धा खोडून काढली नाही; देशातील सर्वांत वजनदार माणसाच्या जाहीर विधानाला त्यांनी हात घातला. टीकेचे माप असे असावे. हेतू कितीही चांगला असला तरी मेलेल्यांच्या पापपुण्याचा निवाडा करण्याचा अधिकार त्याने मिळत नाही, हे त्या वादात गांधीजींपेक्षा टागोरांना अधिक स्पष्ट दिसले होते, असे माझे मत आहे.

आता अलीकडचे पाहा. २ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात ‘भोले बाबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूरजपाल यांच्या सत्संगात १२१ लोक मरण पावले. परवानगी ८०,००० लोकांची होती, जमले त्याच्या कितीतरी पट. बाबांची गाडी जिथून गेली तिथली धूळ, म्हणजे चरणरज, घेण्यासाठी लोक धावले आणि चेंगराचेंगरी झाली, असे प्रशासनाच्या प्राथमिक अहवालात नमूद झाले. येथे श्रद्धा आणि मृत्यू वेगळे काढताच येत नाहीत. ‘त्या मातीत गुण आहे’ ही समजूत बाजूला ठेवून त्या दिवशीची धावाधाव समजावून सांगता येणार नाही. पुढे त्याच बाबांनी, जे घडायचे ते कोण टाळू शकतो आणि आलेला प्रत्येकजण एक दिवस जाणारच, अशा अर्थाचे विधान केले. हेच वाक्य एखाद्या मृताच्या भावाने स्वतःची समजूत घालण्यासाठी उच्चारले असते, तर मी मान खाली घालून ऐकले असते. ज्यांच्या दर्शनासाठी गर्दी जमली होती त्यांनी ते उच्चारले, तेव्हा तो जबाबदारी झटकण्याचा प्रकार होतो आणि त्याला तत्काळ विरोध व्हायलाच हवा.

प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ रोजी, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमावर चेंगराचेंगरी झाली आणि पोलिसांनी ३० मृत्यू जाहीर केले. त्यानंतर बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांनी गंगेकाठी मरणाऱ्यास मोक्ष मिळतो, अशा आशयाचे बोल काढले. (हेच शास्त्री २०२३ च्या जानेवारीत नागपूरला आले असता अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते श्याम मानव यांनी त्यांना चमत्कार सिद्ध करण्याचे आव्हान दिले होते, हे येथील वाचकांना आठवत असेल.) मोक्षाच्या त्या विधानावर जाहीर आणि तिखट हल्ला चढवणाऱ्यांत शंकराचार्य अविमुक्तेश्वरानंद होते, म्हणजे टीका धर्माच्या आतूनच आली, आणि तीही अवघ्या काही दिवसांत. तेव्हा दुर्घटनेनंतरची टीका म्हणजे धर्मद्वेष, हे समीकरण मुळातच टिकत नाही. शिवाय ज्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवत, ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी ठोकत रोगराईपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांची धिंड निघते, तेथील माणसाने तरी धार्मिक परंपरेत टीकेला जागा नाही, असे म्हणू नये.

परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि सुधारकी वळणाच्या लोकांना ती फारशी आवडत नाही. ‘देवाची इच्छा’ म्हटले की चौकशी थांबते. तशीच ती ‘अंधश्रद्धाळू लोक, मरणारच’ असे म्हटले की थांबते. २५ जानेवारी २००५ रोजी साताऱ्याच्या वाई तालुक्यात मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत जवळजवळ ३०० भाविक मरण पावले. नारळ फोडल्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, डोंगरावरची अरुंद वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना दाटलेली दुकाने आणि मग लागलेली आग, अशी कारणांची साखळी होती. तिच्यातील एक कडी श्रद्धेच्या आचाराची आहे, बाकीच्या कड्या नियोजनाच्या आहेत. ‘नवस बोलणारे अडाणी लोक’ एवढेच म्हणून शहरातला सुशिक्षित माणूस हात झटकतो, तेव्हा वाट रुंद न करणारा आणि दुकानांना परवाने देणारा आपोआप सुटतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! याउलट, देवळासमोर नारळ फोडणे, तेल वाहणे आणि पशुबळी यांवर नंतर आलेले निर्बंध पाहिले, तर ते नेमके त्या आचारावर बोट ठेवून आले आहेत. अशा नेमक्या टीकेचा उपयोग होतो. ‘श्रद्धा वाईट’ या घाऊक टीकेने एक पायरीसुद्धा कोरडी होत नाही.

माझ्या शहराला धर्माचा लवलेश नसलेली चेंगराचेंगरीही ठाऊक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधानभवनावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ जण मेले, त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्या वेळी ‘मृतांचा अपमान होईल, शासनाला जाब विचारू नका’ असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. शासनाची चूक लगेच काढता येते आणि महंताची मात्र काढायची नसते, हा भेद कोणत्या न्यायाने करायचा?

एक मर्यादा मात्र मी कठोरपणे पाळतो. समजुतीवर टीका करता करता ती मानणाऱ्या माणसांची शिकार सुरू झाली, की तेथे थांबले पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीतील तबलिगी जमातच्या मेळाव्यानंतर, साथीच्या काळात गर्दी का जमवली, हा प्रश्न रास्तच होता. पण पाहता पाहता तो एका संपूर्ण समाजाविरुद्धचा आरोप झाला आणि भाजीवाल्यांची नावे विचारली जाऊ लागली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचा अभिप्राय दिला, आणि पुढच्याच महिन्यात आमच्या नागपूर खंडपीठानेही म्यानमारच्या आठ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला. कायदाही साधारण हाच भेद करतो. भारतीय दंड संहितेचे कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेल्या धर्मनिंदेपुरते आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितले आहे. प्रामाणिक चिकित्सा त्यात बसत नाही.

आता वेळेविषयी. शांततेच्या काळात कोणी श्रद्धेची चिकित्सा करू लागला, तर ‘आता काय बिघडले आहे?’ असे विचारतात आणि बिघडल्यावर विचारले तर ‘ही वेळ नव्हे’ म्हणतात. मग वेळ उरते कोणती? जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षे बदलत आणि रखडत राहिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आठवडाभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे आता त्या कायद्याखाली गुन्हा आहे. विदर्भात धानाच्या बांधीत पावसाळाभर राबणाऱ्यांसाठी ही तरतूद जीवनमरणाची आहे. शांत वर्षांत ती झाली नाही.

आपल्या घरच्या प्रसंगाबद्दल एवढेच सांगतो की तेरवी होईपर्यंत त्या बाईंच्या मुलांसमोर हा विषय काढू नये. ‘आई पुण्याच्या ठिकाणी गेली’ असे ते म्हणत असतील तर तो युक्तिवाद नाही, त्याला प्रतिवाद नको. मात्र त्यांना नुकसानभरपाईचा अर्ज, शवविच्छेदनाचा अहवाल, चौकशीसमोर द्यायचे निवेदन यांत मदत करता आली तर अवश्य करावी. आणि जो कोणी त्यांना ‘भाग्य लागते असे मरण यायला’ असे सांगेल, त्याला बाहेर अंगणात नेऊन खडसावण्यास माझी काही हरकत नाही.

यापुढचा खरा वाद नाशिकला आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी तेथील सिंहस्थात ३९ भाविक चेंगरून मेले, आणि २०१५ च्या सिंहस्थात शाही मिरवणुकीचा मार्ग बदलला गेला. परंपरेचा मार्ग बदलता येतो, हे तेथे सिद्ध झाले आहे. २०२७ च्या पर्वण्यांना रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर त्याच दिवशी, त्याच घटकेला उतरलेच पाहिजे का, की गोदावरीच्या कोणत्याही घाटावर आणि सिंहस्थाच्या कोणत्याही दिवशी केलेले स्नान तितकेच फलदायी मानता येईल, हा प्रश्न आखाड्यांच्या महंतांना आणि तेथील पुरोहितांना आजच विचारला पाहिजे. जिल्हाधिकाऱ्याने सांगितलेले लोक गर्दीत विसरतात. महंतांनी सांगितले तर ऐकतील. प्रयागराजला ‘जवळच्या घाटावरच स्नान करा’ हे आवाहन मुख्यमंत्र्यांना करावे लागले, आणि ते चेंगराचेंगरी होऊन गेल्यावर.