एस्पेरांतो शब्द शोधताना इंग्रजी यादी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरजेतल्या घरच्या तंतुवाद्यांच्या दुकानासाठी एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत माहितीपत्रक करायचंय, त्यासाठी इंग्रजी शब्दांची यादी करून एकेक शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला, पण आलेली उत्तरं पटत नाहीत, तर कोश कोणता घ्यावा?

कोशाचं सांगतो, पण आधी ती यादी बाजूला ठेवा. ॲपचा दोष त्यात कमीच आहे. सुटा इंग्रजी शब्द दिला की त्याच्या चार-पाच अर्थांपैकी कुठला हवाय ते कुणालाच कळत नाही, यंत्राला नाही आणि माणसालाही नाही. तुमच्या यादीत 'ब्रिज' आहे, त्यापुढे 'पोंतो' आलंय. पोंतो म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल. तुम्हाला हवी आहे सतारीची घोडी. तिच्यासाठी नेमका शब्द मिळेपर्यंत सरळ वर्णन करा: 'ला पेत्सो, कीउ पोर्तास ला कोर्दोयन', तारा पेलणारा भाग. वाचणाऱ्याला लगेच समजेल. 'ट्यून'चंही तेच. गाण्याची चाल असेल तर 'मेलोदीओ', वाद्य सुरात लावायचं असेल तर 'आगोर्दी'. मराठीत या दोन गोष्टी आपण कधीच एक करत नाही.

यादीतला 'ड्रोन' मात्र आजच काढा. एस्पेरांतोत 'द्रोनी' म्हणजे बुडणे. तंबोऱ्याच्या सततच्या सुरासाठी 'दाउरा सोनो' लिहा. आणि खुद्द तंबोरा! एस्पेरांतोचा निर्माता झामेनहोफ याने 1887 साली वॉर्सात पहिलं पुस्तक काढलं, त्यातल्या 16 नियमांपैकी पंधरावा सांगतो की जगभर एकाच मुळातून पसरलेले शब्द तसेच घ्यावेत, फक्त लेखन आणि शेवट एस्पेरांतोचा करावा. म्हणून सतार 'सितारो' होते, त्यात काही अडचण नाही. त्याच चालीवर तुम्ही तंबोऱ्याचं 'ताम्बूरो' केलंय, आणि तो शब्द आधीपासून ढोलाचा आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उल्लेख तुमच्या पत्रकात आहे. तिथे ढोल छापला जाऊ नये अशी माझी फार इच्छा आहे. 'तानपूरो' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'कोर्दिन्स्त्रुमेंतो' जोडा. 'कोर्दो' म्हणजे वाद्याची तार, पुढे 'इन्स्त्रुमेंतो'. आपल्या 'तंतुवाद्य' शब्दाची हुबेहूब बांधणी.

आता मुख्य मुद्दा. मराठी माणसाने इंग्रजीवरून एस्पेरांतोत जाणं म्हणजे जवळची वाट सोडून लांबून जाणं आहे. तुमच्या पत्रकात सतारीसाठीचा भोपळा वाळवण्याचा परिच्छेद आहे. इंग्रजीत वाळलेला भोपळा, भोपळा वाळतो आणि भोपळा वाळवतात या तिन्हींना 'ड्राय' चालतो, त्यामुळे ॲपने तिन्ही ठिकाणी जे हाताला लागलं ते दिलं. मराठीत वाळका, वाळणे, वाळवणे असे तीन शब्द आहेत, आणि एस्पेरांतोतही तीनच: सेका, सेकीजी, सेकीगी. भोपळ्याला 'कालाबासो'. 'ला कालाबासो सेकीजास' म्हणजे भोपळा वाळतो, 'नी सेकीगास ला कालाबासोन' म्हणजे आम्ही भोपळा वाळवतो. मधल्या 'जी' आणि 'गी'वर सगळा अर्थ फिरतो, आणि रोमन लिपीत 'जी'चं अक्षर म्हणजे 'गी'च्याच g वर टोपी (ĝ), म्हणून मुद्रित तपासताना ती टोपी उडालेली नाही ना, हे डोळ्यात तेल घालून बघा.

एक गोष्ट मात्र मराठीवरून कळणार नाही, ती कोशातच बघावी लागते: मूळ धातू सकर्मक आहे की अकर्मक. 'ब्रूली' म्हणजे जळणे, तो मुळातच अकर्मक. जाळण्यासाठी 'ब्रुलीगी' करावं लागतं. 'रोंपी' उलट, तो मुळातच तोडणे. तार आपोआप तुटली तर 'ला कोर्दो रोंपीजिस'. म्हणजे एका ठिकाणी प्रत्यय जाळण्याला लागतो, दुसऱ्या ठिकाणी तुटण्याला. नवशिके सगळ्यात जास्त अडखळतात ते इथे. नामांचंही असंच आहे. 'कोंबी' हा मुळात क्रियेचा शब्द, विंचरणे. म्हणून कंगवा 'कोंबीलो', 'इल' हा साधनाचा प्रत्यय लावून. पण 'ब्रोसो' मुळातच वस्तू, ब्रश. त्याला 'इल' लावायचा नाही.

दुरुस्तीच्या कामासाठी तीन प्रत्यय पाठच करून ठेवा, दुकानात रोज लागतील. 'रिपारेब्ला' म्हणजे दुरुस्त होण्यासारखी सतार, 'रिपारिंदा' म्हणजे दुरुस्त करण्याच्या लायकीची, आणि 'रिपारेंदा' म्हणजे दुरुस्त करायलाच हवी अशी. गिऱ्हाईक जुनी सतार घेऊन येतो तेव्हा त्याला यातलं नेमकं काय सांगायचं, यावर पुढचा सगळा व्यवहार ठरतो.

मराठी सगळीकडे पुरी पडते असंही नाही. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक एस्पेरांतोत नाही, दोन्हीला 'नी'. 'आपण मिरजेला या' हे आदराचं 'आपण' तर पूर्ण वेगळं, तिथे 'वी', म्हणजे तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच.

कोश म्हणाल तर 'प्लेना इलुस्त्रिता वोर्तारो' घ्या. 1970 साली पहिल्यांदा निघाला, आता इंटरनेटवर फुकट बघता येतो. तो एस्पेरांतोतून एस्पेरांतोत आहे म्हणून घाबरू नका. क्रियापदापुढे सकर्मक-अकर्मकाची खूण असते आणि तुमचं निम्मं काम तीच करते. इंग्रजी-एस्पेरांतो कोश जरूर वापरा, पण शब्द सापडला की तो उलटा या कोशात बघितल्याशिवाय कागदावर उतरवू नका. शब्दाचं मूळ कुठलं अशी शंका आली तर 1905चं 'फुंदामेंतो' आहे. त्यात मूळ शब्दांचे अर्थ फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश या पाच भाषांत दिलेत, त्यामुळे इंग्रजीतला अर्थ दुहेरी वाटला तरी बाकीच्या चारांवरून उलगडतो.

तेव्हा पत्रक आधी पूर्ण मराठीत लिहा, वाक्यं छोटी ठेवून. इंग्रजी मसुदा करूच नका. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचा (म्हणजे घोडी घासून आवाज जमवण्यापर्यंतचा) भाग लिहून झाला की इथेच टाका, मी ओळीओळीने बघून देतो. जवारीसाठी बहुतेक पुन्हा वर्णनच करावं लागेल, तेव्हा घोडीवर नेमकं काय घासता आणि त्याने आवाजात काय फरक पडतो, ते तुमच्या कारागिरांना विचारून सविस्तर लिहा.